जेवढं असेल तेवढं : बीजगणिताच्या पाच शब्दांची गोष्ट



यंदा आपल्या गटांमधल्या बऱ्याच जणींनी दहावीचा १७ नंबरचा फॉर्म भरायचं मनावर घेतलंय. कुणाची शाळा सातवीत सुटली, कुणाची नववीत. मराठी, इतिहास, भूगोल यांची फारशी धास्ती कुणाला नाही. गाडी अडते ती गणित भाग १ पाशी, म्हणजे बीजगणितापाशी. "आकड्यांचं आम्ही बघून घेऊ, पण मध्येच ही अक्षरं कशाला आणलीत?" हा प्रश्न आम्हा सहयोगिनींना बैठकीत हमखास ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. म्हणून आज गणित शिकवायला नाही, तर गणिताच्या शब्दांचा इतिहास सांगायला आलोय. पाच शब्द घेऊ. ते कुठून आले हे कळलं, की लक्षात येईल की हा विषय देणं-घेणं, वाटण्या आणि बाजार यांतूनच वाढलाय. म्हणजे आपल्याच व्यवहारातून.

पहिला शब्द : अव्यक्त. आजच्या पुस्तकात त्याला 'चल' म्हणतात. जी किंमत अजून कळलेली नाही, ती अव्यक्त. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये आहमेस नावाच्या लेखनिकाने गणितं लिहून ठेवली. त्यात न कळलेल्या संख्येला जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'ढीग' असा लावतात. आपल्याकडे गणितात 'राशी' म्हणतात, ती कोण? खळ्यावरची रासच की! मळणी झाली, धान्य पुढे पडलंय, पण अजून मापलं नाही. किती पोती भरतील ते माहीत नाही, तरी रास तर आहेच. तिला नाव द्यायचं आणि पुढचा हिशेब चालू ठेवायचा, एवढंच बीजगणित करतं.

आपल्या जुन्या गणितींनी अव्यक्ताला फार सुंदर नाव दिलं : यावत्-तावत्. म्हणजे 'जेवढं असेल तेवढं'. आपण रोज बोलतो ना, "दुधाचे जेवढे येतील तेवढ्यात भागवू"? तेच हे. लिहिताना त्याचं पहिलं अक्षर 'या' वापरत. एकाच गणितात दोन-तीन अव्यक्तं असली, तर त्यांना रंगांची नावं देत. कालक म्हणजे काळा, नीलक म्हणजे निळा, पीतक म्हणजे पिवळा, लोहितक म्हणजे तांबडा. लिहायचं का, नी, पी, लो. फ्रान्सच्या देकार्तने १६३७ साली आपल्या पुस्तकात एक्स, वाय, झेड ही अक्षरं अव्यक्तासाठी वापरली आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. पण अक्षर कुठलं घ्यायचं ही फक्त सोय आहे. क्ष म्हणा, या म्हणा, नाही तर शेळीचा 'शे' म्हणा. गणित बदलत नाही.

दुसरा शब्द : धन आणि ऋण. हा तर आपल्या गटाच्या वहीतलाच. आजच्या राजस्थानातल्या भिनमाळचा ब्रह्मगुप्त, त्याने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' हा ग्रंथ लिहिला. त्यात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम ओळीने मांडले. धनात धन मिळवलं तर धन. ऋणात ऋण मिळवलं तर ऋण. सारखंच धन आणि सारखंच ऋण एकत्र आलं तर शून्य. एकीकडे ५०० रुपये हातात आणि ५०० रुपये देणं, म्हणजे हिशेबाने हाती काही नाही. युरोपातले कित्येक विद्वान त्यानंतर हजार वर्षं 'शून्याहून कमी संख्या असेलच कशी' म्हणून नाक मुरडत होते. कर्ज म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा प्रश्न पडायचं कारण नाही.

याच नियमांतला एक पोरींना शाळेत घोकायला लावतात : ऋण गुणिले ऋण म्हणजे धन. हे कसं? समजा तुमचा हप्ता २०० रुपयांचा. हप्ता म्हणजे खिशातून जाणारे पैसे, म्हणून तो ऋण २००. आता गटाने ठरावाने तुमचे ३ हप्ते कमी केले. कमी केले, म्हणजे ऋण ३. मग तुमचं काय झालं? ६०० रुपयांचा फायदा. देणं काढून टाकलं तर ते मिळाल्यासारखंच असतं. ब्रह्मगुप्ताचा नियम इथे चोख लागू पडतो.

तिसरा शब्द : समीकरण. सम करणं, दोन बाजू सारख्या करणं. तागडीची दोन पारडी डोळ्यांपुढे आणा. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. त्याच्या चार भागांतला पहिला लीलावती, दुसरा बीजगणित. बीजगणितात त्यांनी एक उदाहरण घातलंय. एका माणसाजवळ ६ घोडे आणि ३०० नाणी आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० नाण्यांचं कर्ज आहे. दोघांची मालमत्ता मात्र सारखी. सगळे घोडे एकाच किमतीचे. तर एका घोड्याची किंमत किती?

आपण तागडीनेच सोडवू. दोन्ही पारड्यांतून ६-६ घोडे उतरवा. एकीकडे राहिली ३०० नाणी, दुसरीकडे ४ घोडे आणि १०० चं कर्ज. आता दोन्ही पारड्यांत १००-१०० नाणी टाका. दुसऱ्याचं कर्ज फिटलं. एकीकडे ४०० नाणी, दुसरीकडे नुसते ४ घोडे. म्हणजे एक घोडा १०० नाण्यांचा. ताळा करा. पहिल्याचे ६०० आणि ३०० मिळून ९००. दुसऱ्याचे १००० वजा १००, म्हणजे ९००. जुळलं!

जे एका पारड्यात कराल तेच दुसऱ्यात करायचं. समीकरणाचा कायदा एवढाच. आता 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे शाळेतलं वाक्य आठवा. चिन्ह आपोआप बदलत नाही. दोन्ही पारड्यांत १०० टाकले, म्हणून इकडचं कर्ज गेलं आणि तिकडे १०० वाढले.

हीच युक्ती भास्कराचार्यांच्या तीनशे वर्षं आधी बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी पुस्तकात मांडली होती. वजा असलेलं भरून काढण्याला त्यांचा शब्द होता 'अल-जब्र'. मोडलेलं हाड बसवणं, हाही त्या शब्दाचा अर्थ. इंग्रजीतला 'अल्जेब्रा' त्यातूनच आला. या पुस्तकाचा मोठा भाग कशावर आहे? वारसाहक्काच्या वाटण्यांवर! माणूस गेला, मागे बायको, आई, मुलगे, मुली आहेत, काही देणंही आहे, तर कुणाचा वाटा किती? विधवेचा आणि मुलीचा हिस्सा ठरवायला तिथे बीजगणित कामाला लागलं होतं. सातबारा आणि वाटणीपत्र हातात धरून तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

चौथी जोडी : पद आणि सहगुणक. घोड्यांचं उदाहरण भास्कराचार्यांच्या रीतीने मांडलं तर एका ओळीत येतं 'या ६ रू ३००' आणि खालच्या ओळीत 'या १० रू १००', त्यातल्या १०० वर एक टिंब. टिंब म्हणजे ऋण. 'रू' म्हणजे रूप, आपला रुपया नव्हे; जी संख्या पक्की माहीत आहे ती. आजच्या पुस्तकात तिला स्थिरांक म्हणतात. 'या ६' हे एक पद, 'रू ३००' हे दुसरं. 'या'जवळचा ६ म्हणजे सहगुणक, तो अव्यक्त कितीदा घेतलाय ते सांगतो. घोड्यांत घोडे मिळवायचे, नाण्यांत नाणी. ज्वारीच्या पोत्यांत तेलाचे डबे मोजत नाहीत ना? म्हणूनच पुस्तक सांगतं, सजातीय पदांचीच बेरीज-वजाबाकी करा. बरोबरीचं चिन्ह, त्या दोन सारख्या आडव्या रेघा, मात्र बऱ्याच नंतरच्या. इंग्लंडच्या रॉबर्ट रेकॉर्डने त्या १५५७ साली छापल्या.

आता मध्येच एक सवाल विचारू. हे सगळं इतकं जवळचं होतं, तर आपल्यापर्यंत पोचायला इतकी शतकं का लागली?

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी तिथे मठ काढला. त्याला १२०७ साली दिलेल्या दानाची नोंद त्या लेखात आहे. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या व्यवहारातून काय द्यायचं, तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यायचं, ते त्यात कोरलंय. म्हणजे गणिताच्या त्या शाळेला हातभार घाण्याचा आणि बाजारपेठेचा होता. पण तिथे बसून शिकायला आपल्या आज्या-पणज्यांना जागा नव्हती.

'लीलावती' ग्रंथात मात्र भास्कराचार्य एका बाईला उद्देशूनच गणितं घालतात. ती त्यांची मुलगी होती, तिच्या लग्नाचा मुहूर्त चुकला, म्हणून वडिलांनी तिच्या नावे ग्रंथ लिहिला, ही कथा आपण ऐकलेली असते. ती फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. आम्हाला वाटतं, लग्न मोडलेल्या लीलावतीपेक्षा गणित सोडवणारी लीलावती लक्षात ठेवलेली बरी.

१८४८ मध्ये पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली आणि दार उघडलं. तरी पुढे शंभर वर्षांनीसुद्धा अनेक शाळांत मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्राकडे वळवत असत. मुलगा आणि मुलगी यांचा अभ्यासक्रम वेगळा नको, असं १९६२ मध्ये हंसा मेहता यांच्या समितीने सांगितलं. त्यानंतर कोठारी आयोगाने पहिल्या दहा वर्षांत गणित सर्वांना सक्तीचं असावं अशी शिफारस केली आणि १९६८ च्या शिक्षण धोरणाने विज्ञान-गणित सर्वांच्या शालेय शिक्षणाचा भाग मानलं. म्हणजे बीजगणित आपल्या डोक्याला झेपत नव्हतं असं नाही, ते आपल्या ताटात वाढलंच जात नव्हतं.

पाचवा शब्द : श्रेढी. सारख्या फरकाने वाढत किंवा उतरत जाणाऱ्या संख्यांची रांग. दहावीच्या पुस्तकात ती आहे आणि लीलावतीतही आहे. हिचं काम आपल्या कर्जात पडतं. समजा १२,००० रुपयांचं कर्ज, १२ महिने, महिना शेकडा १ रुपया व्याज. एक जण म्हणतो, व्याज पूर्ण मुद्दलावर. मग दर महिन्याला १२०, वर्षाचे १,४४०. दुसरा म्हणतो, शिल्लक मुद्दलावर. दर महिन्याला १,००० मुद्दल फिटत जातं, म्हणून व्याज १२०, मग ११०, मग १००, असं उतरत शेवटी १०. ही श्रेढी. बेरीज करायला पहिली आणि शेवटची संख्या मिळवा, १३०. निम्मे करा, ६५. बाराने गुणा, ७८०. दर दोघांचाही 'शेकडा १', पण खिशातून जाणाऱ्या पैशांत ६६० रुपयांचा फरक! सही करण्याआधी "व्याज कशावर?" हे विचारता आलं आणि उत्तर स्वतः तपासता आलं, तर बीजगणिताचे कष्ट तिथेच वसूल झाले.

तर मैत्रिणींनो, परीक्षेपर्यंत एवढं साधायचं. न कळलेल्या राशीला नाव देता यावं. धन-ऋणाची चिन्हं सांभाळता यावीत. बोललेलं वाक्य समीकरणात मांडता यावं. दोन्ही पारडी सारखी ठेवून ते सोडवता यावं. आणि शेवटी ताळा करता यावा, म्हणजे उत्तर बरोबर की चूक हे दुसऱ्याला विचारावं लागणार नाही.

पुढच्या बैठकीला हे सोडवून आणा. एकीजवळ ३ शेळ्या आणि ४,००० रुपये आहेत. दुसरीजवळ ५ शेळ्या आहेत, पण गटाचं ६,००० रुपये देणं आहे. दोघींची मालमत्ता सारखी, शेळ्याही सारख्याच किमतीच्या. एक शेळी केवढ्याची? ताळ्याला दोन्हीकडे १९,००० यायला हवेत. आले, की समजा पहिला धडा झाला.