देवडीवरचे दफ्तर

अभिलेखागारांचा इतिहास लिहिणारे बहुधा त्यांच्या कपाटांचा आणि सूचींचा इतिहास लिहितात. परंतु संगणकीय अभिलेखागारात आलेला दस्तऐवज कायमच्या कोठीत दाखल होण्यापूर्वी ज्या तात्पुरत्या जागेत थांबतो, त्या देवडीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, आणि नावांची हेळसांड नेमकी तेथेच होत आली आहे.

युनिक्स प्रणालीच्या परंपरेत ‘टेम्प’ नावाची एक सामाईक जागा फार पूर्वीपासून आहे. तीत कोणीही काहीही ठेवावे, मात्र ते टिकेल अशी खात्री कोणी धरू नये, असा तेथील रिवाज. पुढे लिनक्सवाल्यांनी फायलींच्या जागांविषयी लेखी दंडक घातले, तेव्हा दोन तात्पुरत्या जागांत भेद झाला: यंत्र पुन्हा सुरू होताना एक खुशाल रिकामी करावी, ‘व्हार’ नावाच्या विभागाखालची दुसरी मात्र राखावी. दोहोंचे नाव ‘टेम्प’च, हा भेद ध्यानी न घेणाऱ्या कारकुनाच्या हातून दफ्तर गहाळ झाल्यास नवल नाही.

नावांची कथा याहून करुण आहे. सीपी-एम आणि तिच्यामागून 1981 साली आलेली एमएस-डॉस यांनी फायलीच्या नावाला आठ अक्षरे आणि प्रकारदर्शक पुस्तीला तीन, एवढीच सनद दिली होती. विंडोज 95 ने लांब नावांना मुभा दिली खरी, तथापि जुन्या कार्यक्रमांसाठी प्रत्येक लांब नावामागे एक आखूड नाव गुपचूप बाळगले. त्यामुळे रोमन लिपीतील ‘महाराष्ट्र’ या शब्दाने आरंभ होणारे दोन अहवाल एकाच ठिकाणी ठेवले, की पहिली सहा अक्षरे, एक नागमोडी रेघ आणि एक वा दोनचा आकडा, एवढीच त्यांची ओळख उरे. हा आकडा मजकुरावरून ठरत नसे, आगमनाच्या क्रमावरून ठरे. साहजिकच दुसरीकडे नक्कल करताना क्रम उलटला, तर पहिल्याचे नाव दुसऱ्याला मिळण्याचा संभव असे.

देवनागरीची अडचण निराळी. प्रचलित लिनक्स साठवणीत एका नावास 255 बाइटांची मर्यादा असते, आणि यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे मात्रा आणि हलन्त धरून 85 चिन्हांतच नाव आटोपावे लागते. त्यातून ‘कऱ्हाड’ हे गावाचे नाव घ्यावे. त्यातील ‘ऱ’ एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. ॲपलची 1998 सालची एचएफएस प्लस साठवण दुसरा मार्ग पत्करी, अन्यत्र बहुधा पहिला चाले. डोळ्यांना दोन्ही नावे एक, यंत्राला भिन्न. अशा स्थितीत यादी बरहुकूम तपासणारा कार्यक्रम फाइल समोर असूनही ती गहाळ ठरवतो, आणि वर एक अनोळखी फाइल सापडल्याची वर्दी देतो!

या अनागोंदीला शिस्त लागली ती अनपेक्षित दिशेने. अवकाश संस्थांच्या सल्लागार समितीने 2002 साली अभिलेखनाचा जो नमुना सिद्ध केला, त्यात सुपूर्द केलेला गठ्ठा आणि जतन केलेला गठ्ठा हे स्वतंत्र मानले गेले, म्हणजे देवडीला अधिकृत दर्जा मिळाला. मागाहून अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांनी ‘बॅगइट’ची रीत घालून दिली, जी 2018 साली इंटरनेटविषयक ‘आरएफसी’ दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी 8493 म्हणून प्रसिद्ध झाली: सर्व फायली एका पोटविभागात ठेवायच्या, आणि सोबतच्या यादीत प्रत्येकीचे नाव व तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली पडताळणीची खूण लिहायची. आवक-बारनिशीचेच हे काम आहे. फरक इतकाच, की एक अक्षर बदलले तरी ही खूण जुळत नाही. दोन प्रकारच्या ‘ऱ’चा तंटा मात्र तिनेही मिटत नाही, त्याविषयी त्या आरएफसीत सावधगिरीची सूचना आहे.

तेव्हा आपल्या संस्थेचे संगणकीय दफ्तर अभिलेखागाराच्या हवाली करणाऱ्यांना एकच विनंती: नावे कितीही ओबडधोबड असोत, ती सुधारण्याच्या भरीस पडू नये, आहेत तशीच, यादीसह पाठवावी.