आयसीयू आणि वॉर्ड यांच्या मधली खोली

‘पेशंटला आज आयसीयूतून एचडीयूत हलवतोय,’ असं सिस्टर सांगतात, तेव्हा आनंद मानावा की घाबरावं, हेच घरच्यांना कळत नाही. ही मधली खोली आली कुठून, ते आज पाहू.

१९५२ साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या गळ्यात नळी बसवून रबरी पिशवीने हवा भरायची, हा उपाय ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवला. यंत्रं अपुरी होती, म्हणून वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस हातांनी पिशव्या दाबत बसले. पुढच्याच वर्षी इब्सेनने अतिदक्षता विभाग उभा केला.

पण तिथून बाहेर पडणाऱ्याचं काय? अमेरिकेत, कनेटिकटमधल्या मँचेस्टर गावच्या रुग्णालयाने १९५७च्या सुमारास वेगळीच विभागणी केली. आजार कोणता यापेक्षा शुश्रूषा किती लागते हे पाहायचं आणि त्यावरून खाट ठरवायची. (आपल्याकडे जनरल, सेमी-प्रायव्हेट, प्रायव्हेट ही वाटणी कशावरून होते, ते तुम्ही जाणताच!) अतिदक्षता, मग मधली, मग स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांची, अशा पायऱ्या होत्या.

१९५९मध्ये ही कल्पना लेखातून मांडणाऱ्या दोघांपैकी एक होत्या फे अब्देला, पेशाने परिचारिका. १९३७ साली न्यू जर्सीत हिंडेनबर्ग हे हवाई जहाज जळताना त्यांनी पाहिलं. वय अठरा. जखमींसाठी काय करावं ते कळेना, म्हणून त्या नर्सिंगकडे वळल्या. १९८१मध्ये त्या अमेरिकेच्या उपसर्जन जनरल झाल्या. त्या पदावर पोचलेल्या पहिल्या परिचारिका.

पुढे हृदयविकाराच्या रुग्णांनी या खोलीची गरज आणखी पटवली. खास विभागातून साध्या वॉर्डात गेल्यावर काहींच्या हृदयाचे ठोके अचानक बिघडत आणि तिथे लक्ष ठेवायला मॉनिटर नसे.

आज एचडीयूत मॉनिटर चालू राहतो, रक्तदाब, ऑक्सिजन, लघवीचं प्रमाण वरचेवर टिपलं जातं, आणि एका सिस्टरकडे वॉर्डापेक्षा खूपच कमी रुग्ण असतात. हलवताना विचारा: रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट? आणि ही वाट उलटीही चालते. वॉर्डातल्या रुग्णाला धाप लागली, रक्तदाब उतरू लागला, तर आयसीयूची वेळ येण्याआधी त्याला इथेच आणतात.