मॉन्ट्सेराटचा पराभव

खेळांच्या इतिहासांत जेत्यांचीं नांवें राहतात. पराभूतांची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. परंतु एखाद्या समाजाची जीवनेच्छा कित्येकदां त्याच्या पराभवांतच अधिक स्पष्ट दिसते, असें आम्हांस वाटतें. कॅरिबियन समुद्रांतील मॉन्ट्सेराट या ब्रिटिश सत्तेखालील, सुमारें 40 चौरस मैलांच्या बेटाचा फुटबॉल हें याचें उत्तम उदाहरण होय.

जुलै 1995 मध्यें तेथील सूफ्रिएर हिल्स हा शतकानुशतकें निद्रिस्त असलेला ज्वालामुखी जागा झाला. 25 जून 1997 रोजीं त्याच्या तप्त लोटांत 19 माणसें प्राणांस मुकलीं. त्याच वर्षीं प्लिमथ ही राजधानी राखेखालीं गाडली गेली. बेटाचा दक्षिणभाग निषिद्ध ठरला आणि सुमारें दोन तृतीयांश लोक देशोधडीला लागले. कांहीं अँटिग्वास गेले, पुष्कळ इंग्लंडास. या धामधुमींतच, 1996 सालीं, हें बेट फीफाचें सभासद झालें! उरलेल्या कांहीं हजार वस्तींतून संघ उभा करणें हेंच मोठें काम होतें. खेळाडू सारे हौशी. बेटाच्या पोलीसदलाचाहि स्वतःचा संघ असे.

30 जून 2002 रोजीं योकोहामा येथें ब्राझील व जर्मनी विश्वचषकासाठीं लढले. त्याच दिवशीं थिंफूच्या चांगलीमिथांग मैदानावर, सात हजार फुटांहून अधिक उंचीवर, भूतान व मॉन्ट्सेराट यांचा सामना झाला. फीफाच्या क्रमवारींत भूतान 202 वा, तर मॉन्ट्सेराट 203 वा, म्हणजे अगदीं शेवटचा. कल्पना हॉलंडमधील कांहीं मंडळींची. त्यांचा स्वतःचा संघ विश्वचषकास पात्र ठरला नव्हता. भूताननें 4-0 असा विजय मिळविला. समुद्रसपाटीवरील हौशी खेळाडूंस त्या विरळ हवेंत धांवणें किती जड गेलें असेल!

पुढें चित्र पालटलें. इंग्लंडांत स्थायिक झालेल्या मॉन्ट्सेराटी कुटुंबांतील व्यावसायिक खेळाडू संघांत आले, आणि 2019 च्या गोल्ड कपमधील प्रवेश केवळ गोलफरकानें हुकला. हा संघ आतां बेटाचा म्हणावा काय, अशी शंका कोणी घेईल; ती अगदींच अनाठायीं नाहीं. परंतु गांव गाडलें गेलें, तरी त्याच्या नांवानें एकत्र येणारीं माणसें जोंवर आहेत, तोंवर तें उरतेंच. थिंफूस हरलेल्यांनीं तें नांव जागतें ठेविलें. म्हणूनच दूरदेशींच्या मुलांना परत येण्यास एक संघ उरला.