यंत्रे बदलत गेली, हात पुन्हा शिकत गेले : बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञांची घडण

बेंगळुरू म्हटले की आज संगणक अभियंते आठवतात. परंतु या शहरात आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या कितीतरी आधी रिले जुळवणारे, तारा गुंफणारे आणि सोल्डरिंग करणारे हात घडले. असे तंत्रज्ञ तेव्हा तयार मिळत नव्हते; त्यांना घडवावे लागले. विशेष म्हणजे, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचे शिक्षण वारंवार जुने ठरत गेले.

या घडणीची पार्श्वभूमी जुनी आहे. शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्राची वीज १९०५ मध्ये बेंगळुरूत पोहोचली आणि १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेची स्थापना झाली. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, येथे ‘इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज’ उभी राहिली. तेथे स्ट्राउजर पद्धतीची टेलिफोन एक्स्चेंज तयार होत. ग्राहकाने फिरवलेल्या प्रत्येक अंकाबरोबर त्यातील स्विच आधी वर सरके, मग आडवा फिरे. अशा यंत्रणेत संपर्कबिंदूंमधील अंतर जरासे चुकले तरी जोडणी फसते. म्हणून येथील कारागिराचे कसब मापकाइतकेच बोटांत आणि कानांतही असे.

१९५४ मध्ये फ्रान्समधील ‘सीएसएफ’ कंपनीच्या सहकार्याने ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ स्थापन झाली. रेडिओच्या निर्वात नलिका बनवताना बारीक तारेची जाळी, तंतू आणि काच यांची जुळणी अचूक साधावी लागे. नळीत किंचित हवा राहिली तरी ती निकामी होई. हे कसब अंगवळणी पडते न पडते तोच अर्धवाहक आले. ट्रान्झिस्टरने नलिकेची जागा घेतली आणि हातांना नवे काम शिकावे लागले.

या काळात प्रशिक्षणालाही निश्चित चौकट मिळाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली होती. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातील प्रत्यक्ष कामाला शिक्षणाचे स्थान दिले. पुढे १९७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सहकार्याने भारतीय विज्ञान संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स रचना तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले. परिपथ कागदावर आखणे आणि त्याचे टिकाऊ, उत्पादनयोग्य उपकरण करणे या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र शिकवल्या जात. त्याच धर्तीचे केंद्र १९८० च्या दशकात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उभे राहिले.

या हातांची कसोटी पीन्याच्या औद्योगिक शेडमध्ये लागली. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली तेथे ‘आर्यभट’ उपग्रह घडला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातून अवकाशात गेला. काही दिवसांतच वीजपुरवठ्यातील दोषामुळे त्यावरील वैज्ञानिक प्रयोग थांबले. कार्यशाळेतील सदोष भाग काढून बदलता येतो, कक्षेतील नाही. त्यामुळे उपग्रहाचे प्रत्येक सुटे भाग आणि प्रत्येक जोड जमिनीवरच उष्णता, थंडी व कंपने यांच्या चाचणीतून पार व्हावे लागतात. तपासणी ही जोडणीइतकीच मोलाची विद्या आहे, ती या कारणाने.

दरम्यान टेलिफोनही बदलला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’चे १२८ पोर्टचे ग्रामीण डिजिटल एक्स्चेंज १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूरला सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय चालावे अशीच त्याची रचना होती. ज्या कसबाच्या जोरावर स्ट्राउजरची एक्स्चेंज चालत, ते कान आणि ती बोटे येथे अपुरी पडली. संकेत मोजणे आणि सदोष कार्ड ओळखणे हे नवे काम झाले.

चार दशकांत इतके बदलूनही एक गोष्ट टिकली : दोष शोधण्याची शिस्त. आधी वीजपुरवठा पाहायचा, मग संकेत कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचतो ते मोजायचे, शंका एकेका भागापर्यंत आकसत न्यायची आणि दुरुस्तीनंतर पुन्हा तपासायचे. ओमचा नियम स्ट्राउजरच्या रिलेला लागू होता, तसाच तो आजच्या चिपलाही आहे.

आज दहावी-बारावीनंतर या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने म्हणूनच अभ्यासक्रम निवडताना एक प्रश्न विचारावा : येथे केवळ एखादे यंत्र चालवायला शिकवतात, की ते बंद का पडले हे शोधायलाही? पहिले शिक्षण त्या यंत्राबरोबर कालबाह्य होते. दुसरे पुढच्या यंत्रापर्यंत सोबत करते.