झोपेची मुळी

माझी एक मावशी इंदूरला असे. यजमान गेल्यानंतर तिची झोप उडाली. रात्रीचे दोन वाजले, तीन वाजले, तरी तिच्या खोलीतला दिवा मालवलेला नसे. तळपायांना तेल चोळून झाले, जायफळ उगाळून दुधातून घेऊन झाले. कशाचाही गुण येईना. अखेर शेजारच्या एका गृहस्थांनी जडीबुटीच्या दुकानातून कसल्याशा मुळीचे चूर्ण आणून दिले, आणि मावशी झोपू लागली. घरातल्या सर्वांना हायसे वाटले. परंतु दोन-अडीच महिन्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तिची दारापुढची रांगोळी बंद पडली होती. कोणी बोलावले तर ती ओ देई, पण आपण होऊन बोलत नसे. एका जाणत्या डॉक्टरांनी "रोज काय घेता?" एवढाच प्रश्न विचारला आणि ते चूर्ण बंद करविले. पुढे ती हळूहळू माणसांत आली. तिची ती उदासी चुर्णामुळे आली होती की वैधव्यामुळे, हे आज निश्चयाने कोण सांगणार? मी तेव्हा शाळकरी होतो. पण त्या मुळीचे नाव माझ्या मनात राहिले. ते नाव सर्पगंधा.

नोकरीच्या निमित्ताने पुष्कळ प्रांत हिंडलो आणि सवडीच्या वेळी या मुळीचा इतिहास गोळा करीत गेलो. तो श्रोत्यांपुढे ठेवावासा वाटतो, याचे कारण असे की, घरगुती औषध म्हटले की ते निरुपद्रवी असावयाचेच, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. सर्पगंधेची कहाणी या समजुतीची चांगली परीक्षा पाहते.

निद्रानाशाचा विचार आपल्याकडे नवा नाही. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार होत, असे चरकसंहितेने मानले आहे. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बल आणि दौर्बल्य, इतकेच नव्हे तर ज्ञान आणि अज्ञान हीसुद्धा निद्रेच्या अधीन आहेत, असे तिचे मत आहे. ज्यांची झोप नष्ट झाली आहे त्यांच्यासाठी सूत्रस्थानात जे उपाय सांगितले आहेत ते वाचताना मौज वाटते. अभ्यंग, उटणे, स्नान, दह्याबरोबर शाळीचा भात, दूध, तूप, अंग रगडणे, मनाला रुचतील असे गंध आणि शब्द, सुखाची शय्या, सुखाचे घर आणि योग्य वेळ. या यादीत गुंगी आणणारी मुळी नाही. मद्याचा उल्लेख आहे, पण एकूण भर आहे तो माणसाचे शरीर आणि मन निवविण्यावर. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेवटी तिच्याकडे परत यावे लागेल.

सर्पगंधेचा वापर लोकांच्या परंपरेत अधिक दिसतो. कण्हेरीच्या कुळातले हे लहानसे झुडूप. उंची साधारण दीड-दोन फूट, पाने तीन-चारांच्या वेढ्याने येणारी, फुले पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली, फुलांचे देठ लालसर आणि पिकलेली फळे जांभळट काळी. हिमालयाच्या पायथ्याच्या रानांपासून सह्याद्रीच्या दमट उतारांपर्यंत ते आढळते. औषधी अंश मुळात, विशेषतः मुळाच्या सालीत असतो. सापाच्या विषावर आणि तापावर ही मुळी देत. बिहारमध्ये आणि आसपासच्या मुलखात तिला चक्क 'पागल की दवा' म्हणत. ज्यांच्या डोक्यात उन्माद शिरला आहे, ज्यांना रात्रंदिवस डोळ्याला डोळा लागत नाही, अशांना ती देण्याचा प्रघात होता. रडणाऱ्या मुलाला झोपविण्यासाठीही आया तिचा उपयोग करीत, असे नमूद आहे. आज हे ऐकून अंगावर काटा येतो.

या वनस्पतीच्या शास्त्रीय नावाची हकीगत तर विलक्षण आहे. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ साली या वंशाला 'राउवोल्फिया' असे नाव दिले. ते लेओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ होते. ऑग्सबुर्गचा हा वैद्य १५७३ साली वनस्पतींच्या शोधात निघाला. आलेप्पो, बगदाद असा प्रवास करून १५७६ साली परतला. हिंदुस्थानात त्याने पाऊलही ठेवले नव्हते. पण १५८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने आलेप्पोतील लोक सकाळी पितात त्या एका काळ्या पेयाचे वर्णन केले. युरोपीय माणसाने छापून प्रसिद्ध केलेले कॉफीचे हे पहिले वर्णन मानले जाते. ज्याने युरोपला झोप उडविणाऱ्या पेयाची ओळख करून दिली, त्याचेच नाव झोप आणणाऱ्या मुळीला मिळावे, हा योगायोग मोठा गमतीचा.

एकोणिसाव्या शतकात युरोपात झोपेची औषधे रसायनशाळेतून येऊ लागली. क्लोरल हायड्रेटचा निद्राकारक गुण १८६९ साली प्रसिद्ध झाला. १९०३ साली बार्बिट्युरेट वर्गातले पहिले औषध पुढे आले. ही औषधे झोप आणीत, पण त्यांची सवय जडे, आणि मात्रा थोडी जास्त झाली की माणूस पुन्हा जागाच होत नसे. अशा काळात हिंदुस्थानातील काही विद्वानांचे लक्ष आपल्या रानातल्या मुळीकडे वळले.

१९३१ हे वर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचे. कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर सर्पगंधा उपयोगी पडते, तिने झोप येते आणि रोग्याचा क्षोभ शमतो, असे त्यांचे अनुभव त्यात होते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दीकी हे रसायनशास्त्रज्ञ याच मुळीतून स्फटिकरूप द्रव्ये वेगळी करीत होते. हे महाविद्यालय हकीम अजमल खान यांच्या परिश्रमातून उभे राहिलेले. १९२१ साली त्याचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले होते. हकीमसाहेब १९२७ साली निवर्तले. सिद्दीकींनी आपल्याला गवसलेल्या द्रव्यांपैकी एकाला त्यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांच्या एका दोषाचे निदान करण्यासाठी ते आजही वापरले जाते. कविराज, डॉक्टर, हकीम आणि रसायनशास्त्रज्ञ अशा चौघांचे हात एकाच मुळीला लागलेले पाहिले, म्हणजे आपल्याकडच्या वैद्यकांमधील भिंती त्या काळी आजच्याइतक्या उंच नव्हत्या, असे वाटते.

तरीही जगाचे लक्ष वेधून घेण्यास आणखी अठरा वर्षे लागली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा लेख नेमका, मोजमापांना धरून लिहिलेला होता. लंडनच्या त्या पानांमुळे आपली मुळी पाश्चात्त्य वैद्यांच्या टेबलावर पोहोचली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा या कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील मुख्य शामक द्रव्य वेगळे केले आणि त्याला 'रेसर्पीन' हे नाव दिले. न्यूयॉर्क राज्यातील एका मोठ्या मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी ते वापरून पाहिले. तेथील खिडक्यांच्या फुटलेल्या काचा बदलण्याचे काम एकाएकी कमी झाले, अशी एक हकीगत सांगितली जाते. १९५७ साली डॉ. वकील आणि डॉ. क्लाइन या दोघांनाही अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाने गौरविण्यात आले.

आता या यशाची दुसरी बाजू. रेसर्पीन घेणाऱ्या काही रोग्यांना खोल औदासीन्य येते, असे डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागले. काहींचे हात कापत, चाल मंदावे. असे का व्हावे, याचा शोध सुरू झाला आणि त्यातून मेंदूविषयीच्या ज्ञानाचे एक नवेच दालन उघडले. मेंदूतील पेशी एकमेकींशी काही रासायनिक द्रव्यांच्या द्वारे बोलतात. ही द्रव्ये पेशी आपल्या बारीक कोठारांत साठवून ठेवतात. रेसर्पीन ही कोठारे भरू देत नाही. साहजिकच साठा रिता होतो. १९५५ साली अमेरिकेतील संशोधकांनी सेरोटोनिन या द्रव्याबाबत हे दाखवून दिले. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना डोपा हे द्रव्य टोचले, तेव्हा ते ससे थोड्याच वेळात पुन्हा हिंडूफिरू लागले. त्यातूनच कंपवाताच्या आजच्या मुख्य औषधाची वाट सापडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या मुळीने रोग्यांचे हात कापू लागले, तिच्याच अभ्यासातून कापणाऱ्या हातांचे औषध मिळाले.

तेव्हा सर्पगंधेने येणारी झोप म्हणजे काय, हे आता स्पष्ट होते. दिवसभराच्या श्रमानंतर येणारी ती झोप नव्हे. मनाची भाषाच मंदावल्याने आलेली ती शांतता होय. उन्मादाच्या भरात स्वतःला आणि इतरांना इजा करणाऱ्या रोग्याला तिचा उपयोग झाला, यात शंका नाही. मोठ्या मात्रेत औदासीन्याचा धोका अधिक, असे पुढील अभ्यासकांनी म्हटले आहे. अल्प मात्रेत तो खरोखर किती, याबद्दल वैद्यांत मतभेद राहिले. पण शोकाने जाग्या राहणाऱ्या एखाद्या बाईने, कोणाच्याही देखरेखीवाचून, हातच्या अंदाजाने घ्यावी अशी ही वस्तू खासच नव्हे. पूर्वीचे कविराज ती रोग्याची नाडी पाहून, स्वतःच्या नजरेखाली देत. जडीबुटीच्या दुकानातील पुडीबरोबर ती नजर येत नाही.

या कीर्तीचा दंड त्या बिचाऱ्या झुडपालाही भरावा लागला. मूळ हेच औषध असल्याने ते काढावयाचे म्हणजे झाड उपटणे आले, आणि मूळ कामाचे होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. मागणी वाढताच रानेच्या रानें रिकामी होऊ लागली. भारत सरकारला मुळांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. परदेशी कारखाने मग आफ्रिकेतील तिच्या एका बहिणीकडे वळले. १९९० पासून धोक्यात आलेल्या प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचीत सर्पगंधेचे नाव आहे. रानातली ही मुळी परवान्यावाचून काढणे आणि विकणे हा आता केवळ अविचार नव्हे, तर गुन्हाही ठरू शकतो.

आणि झोपेचे काय? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्या संस्थेने २०१६ साली असा सल्ला दिला की, प्रौढ माणसाच्या जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय गोळीचा नसावा. झोपेच्या सवयी आणि तिच्याविषयीची चिंता यांवर काम करणारी, तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली घ्यावयाची एक उपचारपद्धती आहे, ती प्रथम वापरावी. उठण्याची वेळ ठराविक ठेवणे, झोप येईल तेव्हाच अंथरुणाला पाठ टेकणे, जागरणाची धास्ती मनातून काढणे, अशी तिची अंगे आहेत. ही पद्धती चरकातूनच निघाली, असा दावा मी करणार नाही. तो अभिमान पोकळ ठरेल. पण सुखाची शय्या, योग्य वेळ आणि निवलेले मन यांचा उल्लेख त्या जुन्या यादीत होता, एवढे मात्र खरे.

मावशी पुढे बरीच वर्षे जगली. तिची झोप तशी पातळच राहिली. धाकटी मामेबहीण तिच्या खोलीत निजू लागली आणि रात्री जाग आली की दोघी गप्पा मारीत पडत, एवढाच फरक झाला. पहाटे केव्हातरी तिचा डोळा लागे. सकाळी उठून ती दारापुढे सडा घाली, आणि त्यावर रांगोळी असे.