२० जून : लक्ष्मणराव किर्लोस्कर

१८६९ : उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्म. शाळेत मन रमले नाही. चित्रकलेसाठी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, तर रंगांधळेपण आडवे आले. मग यांत्रिक रेखाटन शिकून व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले. पुढे बेळगावात सायकलचे दुकान, कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षे गेली. एवढी चिकाटी विरळाच! बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. तिथेच १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.