मंदगती चित्रण आणि जुन्या लष्करी बंदुकांचा इतिहास

बंदुकीचा बार उडतो तेव्हा मानवी नेत्राला तीनच गोष्टी कळतात : चाप ओढला गेला, धूर निघाला व लक्ष्याचा भेद झाला. मधला सर्व व्यापार दृष्टीच्या आवाक्याबाहेर राहतो. सेकंदाला ४०० मीटर वेगाने जाणारी गोळी एक-सहस्रांश सेकंदात ४० सेंटिमीटर पुढे सरकते. नेहमीच्या चलच्चित्रात सेकंदाला २४ चित्रे असतात. म्हणजे दोन चित्रांच्या दरम्यान तीच गोळी सोळा मीटरांहून अधिक अंतर काटून गेलेली असते. हा अदृश्य काल दृश्य करण्याच्या प्रयत्नांमागे केवळ कुतूहल नव्हते. त्यांचा उगम एका गंभीर आरोपात आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपीय राष्ट्रांनी एक घोषणा केली. ४०० ग्रॅमहून कमी वजनाची स्फोटक गोळी युद्धात वापरू नये, असा तिचा आशय होता. पुढे दोनच वर्षांनी फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले. फ्रेंच पायदळाजवळ १८६६ च्या नमुन्याची, ११ मिलिमीटर व्यासाची शास्पो बंदूक होती. तिच्या गोळीने झालेल्या काही जखमा आतून विवरासारख्या फाटलेल्या आढळल्या, आणि फ्रेंचांनी वचनभंग करून स्फोटक गोळ्या वापरल्या, असा संशय व्यक्त झाला. वस्तुतः शास्पोची गोळी साध्या शिशाची होती. मग जखम तशी का व्हावी? बेल्जियन शास्त्रज्ञ मेलसेन्स यांनी असे अनुमान मांडले की, वेगवान गोळी आपल्यापुढे दाबलेल्या हवेचा गोळा ढकलीत नेते व तीच हवा शरीरात शिरून स्फोटासारखा परिणाम घडविते.

प्राग येथील प्राध्यापक एर्न्स्ट माख यांनी मेलसेन्स यांचे व्याख्यान १८८१ मध्ये पॅरिसला ऐकले होते. अनुमानाची परीक्षा प्रत्यक्ष दर्शनानेच व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. प्रागमधील आरंभीचे प्रयोग साधले नाहीत, कारण तेथे वापरलेल्या पिस्तुलाच्या गोळीचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा कमी होता. तेव्हा त्यांनी फ्यूमे (आजचे क्रोएशियातील रियेका) येथील नाविक विद्यालयाचे प्राध्यापक पेटर साल्खर यांना पत्राने विनंती केली. १८८६ मध्ये साल्खर यांना यश आले. त्यांची युक्ती अशी की, गोळीने स्वतःच विद्युन्मंडल पूर्ण करावे, लेडन बाटलीतील विद्युत् ठिणगीच्या रूपाने बाहेर पडावी व त्या क्षणिक प्रकाशात ट्योप्लर यांच्या पद्धतीने हवेच्या घनतेतील फरक काचेवर उमटावा. चित्रे इतकी लहान आली की ती भिंगाखाली पाहावी लागली. पण त्यांत गोळीपुढील वक्र तरंग स्पष्ट होता. गोळी हवेची मोट बांधून नेत नाही. होडीपुढे पाण्यात लाट उठावी तसा तिच्यापुढे आघाततरंग उठतो, हे दिसले. वेगवान गोळीचे दोन आवाज का ऐकू येतात, याचाही उलगडा झाला : एक तरंगाचा, दुसरा नळीच्या तोंडाचा.

ही चित्रे स्थिर होती. त्यांना गती पुढील पिढीने दिली. आउगुस्ट मूस्गर या ऑस्ट्रियन धर्मोपदेशकाने १९०४ साली मंदगती यंत्राचे एकस्व मिळविले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये ल्युसियाँ बुल यांनी साबणाचा फुगा भेदणारी गोळी चित्रित केली. आणि १९०९ मध्ये बर्लिनला कार्ल क्रान्ट्‌स यांनी खास अस्त्रगतीच्या अभ्यासासाठी चलच्चित्रक रचला. पुढे जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या झाडून केलेल्या चित्रणांत, गोळीमागे क्षणभर मोठी पोकळी फुगते व लगेच मिटते, असे आढळून आले. विवरासारख्या जखमेला ना स्फोटक द्रव्य लागते, ना दाबलेली हवा. वेग व शिशाचे पसरणे एवढी कारणे पुरेशी आहेत.

आज अंकीय कॅमेऱ्यांमुळे संग्रहातील जुन्या बंदुकांचे असे चित्रण सुलभ झाले आहे. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या खाली झडतात, रंजक पेटते व मगच ज्वाला कानातून नळीत शिरते, हा क्रम त्यांत पायरीपायरीने दिसतो. भाषाभ्यासकाला येथे एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. ‘चकमक झडणे’ या मराठी प्रयोगातील ‘झडणे’ हे क्रियापद ठिणग्यांच्या गळण्याला किती यथार्थ लागू पडते! कारागिराच्या नजरेने टिपलेला तपशील शब्दाने जपला. कॅमेऱ्याने त्याला साक्ष दिली.

तथापि संशोधकाने सावध राहिले पाहिजे. असे चित्रण हे जुन्या बंदुकीने आज उडविलेल्या बाराचे असते, त्या काळच्या बाराचे नव्हे. कमान वयाने शिथिल झालेली असते. दारू व काडतूस पुष्कळदा नव्या घडणीचे असते. जोडलेला ध्वनी चित्रासमवेत टिपलेला असेलच असे नाही. सेकंदाला किती चित्रे घेतली, याची नोंद नसेल तर चित्र पाहता येते, पण त्यावरून मोजमाप करता येत नाही. हस्तलिखिताची उत्तरकालीन प्रत आपण जशी पाठचिकित्सा करून मगच स्वीकारतो, तीच शिस्त येथेही हवी.

शास्पोच्या प्रकरणाचा बोध हाच आहे. जखम खरी होती, ती पाहणारेही खोटे बोलत नव्हते. चूक झाली ती कार्यावरून कारण ठरविण्याच्या घाईत. त्या घाईने एका सैन्यावर वचनभंगाचा कलंक येऊ पाहत होता. तो दूर होण्यास मधला अदृश्य क्षण कोणीतरी धीराने पाहणे आवश्यक होते. इतिहासाच्या अभ्यासकाचे कामही याहून फारसे वेगळे नाही.